पूर्णवेळ गरजू

"ही आमची बट्टीवाली," अक्का माइकवर म्हणाल्या. "शिकते हं ती पण. ह्या वयात! वाजवा टाळ्या."

टाळ्या वाजल्या.

मी स्टेजवर उभी होते. नखांत कणीक वाळलेली. अंगावर भाचीच्या लग्नात घेतलेली साडी, तिला फोडणीचा वास. माझ्या डाव्या हाताला ओळीनं पोरं-पोरी, प्रत्येकाच्या हातात पांढरं पाकीट. माझ्या हातात नारळ आणि ब्लाउजपीस.

"नियमात बसत नाही बिचारी," अक्का पुढे म्हणाल्या. "अर्धवेळ आहे ना. पण मन मोठं. पहाटेपासून सेवा करतेय. आज बट्टी खाताना तिची आठवण ठेवा."

मंडपात लोक हसले. वाईट हसले नाहीत. लग्नात लहान पोर नाचलं की हसतात तसे.

फोटोवाला म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा. विद्यार्थ्यांचा फोटो घ्यायचाय."

मी बाजूला झाले.

खाली तिसऱ्या रांगेत माझा नवरा बसला होता. इस्त्रीचा शर्ट घालून. मालवाहू रिक्षा त्या दिवशी त्यानं घरी उभी ठेवली होती. माझा व्हिडिओ काढायला मोबाइल वर धरला होता. फोटोवाल्याचं बोलणं त्यानं ऐकलं. मोबाइल हळूच खाली घेतला, खिशात टाकला आणि चपलांकडे बघत बसला.

टाळ्या मी पचवल्या असत्या. त्याचं ते खाली बघणं मी अजून पचवलेलं नाही. पचवणारही नाही.

आता हे कुठलं स्टेज आणि मी तिथे कशी, ते सांगते.

मी धुळ्यात राहते. माहेर शिंदखेड्याच्या बाजूचं. बाप जिनिंगमध्ये हमाल, आई लग्नाकार्यात बट्ट्या करायची. वरण-बट्टी म्हणजे आमच्या खानदेशात मोठं जेवण. जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक घट्ट मळायची, गोळे उकडायचे, कापायचे, तळायचे. पंगत बसली की गरम बट्टी ताटात पडली पाहिजे. वर वरण, वर तूप, बाजूला वांग्याची भाजी. घरच्या चार माणसांना कुणीही करेल. पाचशे माणसांना करायला हात बसलेल्या बायांची टोळी लागते. आईची टोळी होती. आता माझी आहे. मी धरून सात बाया.

दहावीनंतर लग्न झालं. बारावी मी सतरा नंबरचा फॉर्म भरून केली, मुलगी पाचवीत असताना. मुलीचं लग्न झालं, मुलगा सुरतेला कामाला लागला, तेव्हा कॉलेजात नाव घातलं. हौस म्हणून नाही. आठवडाभर मी एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. तिथल्या गृहपाल बाई निवृत्त व्हायच्या होत्या. वसतिगृहाची संस्था वेगळी, कॉलेजची वेगळी. वसतिगृहाच्या साहेबांनी मला सांगितलं होतं, "तुम्हाला मुली ऐकतात. पदवी आणा, बाकी मी बघतो." गृहपालला राहायला दोन खोल्या मिळतात, पगार बँकेत येतो, आणि चुलीपाशी उभं राहावं लागत नाही. माझे गुडघे गेलेत. मला ती जागा हवी होती. एवढंच.

आमच्या कॉलेजात काम करणाऱ्यांसाठी एक वेगळा वर्ग आहे. शनिवारी दुपारी आणि रविवारी दिवसभर. त्याला अर्धवेळ म्हणतात. वर्गात बाकावर माझ्या शेजारी राजू बसायचा, नरडाण्याच्या एमआयडीसीत वॉचमन. रात्रपाळी करून एसटीनं यायचा. तासाला झोपायचा, पण पेपरात माझ्यापेक्षा जास्त मार्क काढायचा. मागे एक नर्सबाई, एक पेट्रोल पंपावरचा, दोघी अंगणवाडीच्या. सगळ्यांच्या डोळ्यांत झोप. प्रोफेसर सुद्धा शनिवारी दुपारचे अर्धे जागे.

दोन वर्षं मी फी भरली. लग्नसराई चांगली गेली होती. तिसऱ्या वर्षी नवऱ्याच्या रिक्षाचं इंजिन बसलं. शेवटच्या वर्षाचा प्रवेश आणि परीक्षा असे पैसे एकदम लागत होते. थोडे जमले होते, निम्मे कमी पडत होते.

कॉलेजच्या ऑफिसात गेले. क्लार्क पोरगा भला होता. सरकारी शिष्यवृत्तीचं पान उघडून त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला.

"ताई, तुम्हीच बघा. अर्धवेळ टाकलं की पुढचं पानच उघडत नाही."

"मग पूर्णवेळ टाक."

"माझी नोकरी जाईल ना, ताई."

बरोबर होतं त्याचं. तो म्हणाला, "संस्थेचा मदत निधी आहे. तिथे माणसं बसतात, मशीन नाही. विचारून बघा."

माणसं म्हणजे दोन. अक्का आणि नाना. संस्था ज्यांनी काढली ते दादासाहेब, त्यांची थोरली लेक म्हणजे अक्का. पासष्टीच्या. पांढरी साडी, आवाज गोड. निधीची समिती त्यांच्या हातात. नाना म्हणजे सचिव, निवृत्त मुख्याध्यापक. अक्का बोलतात, नाना मान डोलवतात. अक्कांना नाही म्हणायचं असलं की नाना बोलतात.

मी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला नेला होता. नानांनी तो वाचला, उलटा करून मागे बघितला, परत दिला.

"उत्पन्न कमी आहे. मान्य. पण बाई, तू कमावतेस."

"कमावते म्हणूनच तर दाखल्यावर उत्पन्न आहे, नाना. नाहीतर कोरा असता."

"तेच म्हणतोय. जी कमावते ती पूर्णवेळ विद्यार्थी नाही. निधी पूर्णवेळ गरजूंसाठी आहे."

"पूर्णवेळ शिकायला माझ्याकडे पैसे नाहीत. म्हणून अर्धवेळ शिकते."

"मग झालं तर. तुझी सोय झालेलीच आहे."

हे तो माणूस गंमत म्हणून बोलला नाही. त्याला ते खरंच पटलेलं होतं. गरीब म्हणून काम करायचं, काम करते म्हणून गरीब नाही. मी खुर्चीत बसून ते दोनदा मनात फिरवलं. कुठूनही शिरायला जागा नव्हती.

माझ्या आधी आत गेलेला मुलगा मला माहीत होता. रावेरकडे त्यांच्या केळीच्या बागा. त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या बट्ट्या मीच केल्या होत्या, हळदीला वेगळ्या, लग्नाला वेगळ्या. जमीन आजोबांच्या नावावर, त्यामुळे दाखल्यावर बाप जवळजवळ भिकारी. बुलेटवर कॉलेजला येतो. पण सकाळी अकरा ते पाच वर्गात असतो, निदान हजेरीत असतो. पूर्णवेळ. त्याचा अर्ज मंजूर.

मी उठत होते, तेवढ्यात अक्का बोलल्या.

"थांब गं. नियम आहे, पण समितीला अधिकार पण असतो. आम्हाला तुझं मन बघू दे. दादांची पुण्यतिथी आलीये. ज्यांना मदत देतो ती मुलं त्या दिवशी सेवा करतात, ठाऊक आहे ना तुला? पंगत वाढतात. तू बट्ट्या कर. यंदा सेवा म्हणून कर."

"आणि निधीचं, अक्का?"

"आधी सेवा. मग बघू. चांगली साडी आण सोबत. कार्यक्रमाला तुला वर बोलवणार आहे मी."

कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे, पुण्यतिथीला स्टेजवर कुणाला बोलावतात. पाकीट द्यायलाच बोलावतात. दुसऱ्या कशाला कुणाला कधी बोलावलेलं नाही.

घरी आले. नवऱ्याला सांगितलं. टोळीला सांगितलं. सेवा म्हणजे मजुरी नाही, हेही सांगितलं. लीलाबाई आमच्या टोळीत सगळ्यात मोठी, आईच्या हाताखाली शिकलेली. तिनं तंबाखू मळत एका वाक्यात विषय संपवला.

"तुन्हं कॉलेजनं काम व्हई जाई, आमनं काय जास?"

सहा बायांनी माझ्या फीसाठी एक दिवसाची मजुरी सोडली. कुणी चेहऱ्यावर दाखवलं नाही. एकीनं फक्त विचारलं, "तिथे आपल्याला जेवायला बसवतील ना?" मी म्हणाले, बसवतील.

आणि मग ते स्टेज. तो नारळ. ते "मावशी, बाजूला व्हा."

स्टेजच्या मागच्या पायऱ्या उतरून मी भट्टीकडे गेले. मंडपाच्या पाठीमागे पत्र्याच्या आडोशाला आमच्या शेगड्या होत्या. पहिली पंगत बसत होती. पाहुण्यांची, पुढाऱ्यांची, संस्थेच्या लोकांची. पत्रावळ्या मांडून झालेल्या. पाकीटवाली पोरं वरणाच्या बादल्या घेऊन उभी. तेल तापलेलं. उकडलेल्या बट्ट्या कापून पराती भरून ठेवल्या होत्या. लीलाबाईनं पहिला घाणा सोडायला झारा उचलला होता.

तिनं माझ्या हाताकडे बघितलं.

"पाकीट कोठे शे?"

मी ब्लाउजपीस दाखवला.

"हाऊ काय शे?"

"माझी फी," मी म्हणाले.

शेगड्या फुरफुरत होत्या. पत्र्यापलीकडून नानांचा आवाज आला, "ए बाई, बट्टी काढ! साहेब बसले!"

ए बाई. दोन वर्षं मी त्या कॉलेजची विद्यार्थिनी होते. माझ्याकडे ओळखपत्र होतं, ग्रंथालयाचं कार्ड होतं. त्या माणसाच्या तोंडी मी सकाळपासून एकदाही विद्यार्थिनी नव्हते. आणि तेव्हा मला एक गोष्ट लख्ख कळली. ह्यांनी मला फसवलं नव्हतं. फसवायला समोरच्याला जरा तरी मोजावं लागतं. ह्यांना बट्ट्या हव्या होत्या. त्यांनी त्या घेतल्या. मी शिकते हे त्यांच्यासाठी बट्टीवर सोडायच्या तुपासारखं होतं. वरून. चवीला.

मी वाकले आणि पहिल्या शेगडीचा कॉक बंद केला. मग दुसरीचा. मग तिसरीचा.

"काय करी ऱ्हायनी वं?" लीलाबाई म्हणाली. "पंगत बठेल शे ना!"

"बठू दे."

खानदेशात ह्याचा अर्थ काय होतो ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. पंगत बसवून अन्न न देणं. शत्रूच्या घरीही कुणी असं करत नाही. मयताच्या जेवणात सुद्धा नाही. माझी आई असती तर तिनं माझं थोबाड रंगवलं असतं. ते सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच केलं.

लीलाबाईनं माझ्याकडे बघितलं. मग झारा परातीवर आडवा ठेवला, पदराला हात पुसले आणि बाकीच्यांना म्हणाली, "चला वं." कुणी का म्हणून विचारलं नाही. सात जणी पत्र्याच्या मागून निघालो आणि मुद्दाम मंडपातून गेलो. पंगतीच्या मधून. मी नारळ आणि ब्लाउजपीस अक्कांच्या पत्रावळीवर ठेवला. रिकामीच होती.

"हे काय?" अक्का म्हणाल्या.

"सेवा संपली, अक्का."

"अगं, लोक उपाशी बसलेत."

"पूर्णवेळ नाहीत ना? मग नियमात बसत नाहीत."

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. आलं तोंडात. आजही ते आठवलं की माझ्या जिवाला थंड वाटतं.

नवरा खुर्चीवरून उठला आणि आमच्या मागे चालू लागला. गेटपाशी येऊन म्हणाला, "रिक्षा आणायला पाहिजे होती. सगळ्यांना बसवून नेलं असतं." तेवढंच बोलला. मला पुरे होतं.

ह्यानंतर काय झालं ते गोड नाही. गोड करून सांगणार नाही.

सहा जणींची मजुरी बुडाली होती माझ्यामुळे. फीसाठी जे साठवलं होतं त्यातून मी त्यांची मजुरी दिली. लीलाबाई घेत नव्हती, तिच्या पोलक्यात कोंबली. फी भरायची तारीख गेली. ते वर्ष गेलं. वसतिगृहाच्या गृहपाल बाई निवृत्त झाल्या आणि त्या जागेवर साक्रीची एक पदवीधर मुलगी आली. चांगली आहे. मला काकू म्हणते. तिच्या दोन खोल्यांत चहाचा कप नेऊन देताना मला रोज पुण्यतिथी आठवते.

गावात दोन्ही बाजूंनी बोलले. काही म्हणाले, अन्नाचा अपमान केला. आमच्याच गल्लीतली एक म्हातारी महिनाभर बोलली नाही. नानांनी चार केटररना फोन केले, हिला काम देऊ नका म्हणून. दोघांनी ऐकलं. दोघे म्हणाले, हिच्यासारखी बट्टी दुसरी काढत नाही, आम्ही काय करू.

मी अर्ज केला. माझ्या फीसाठी नव्हे. नियमासाठी. राजूनं लिहिला, अक्षर त्याचं बरं. अर्धवेळ वर्गातल्या सगळ्यांनी सह्या केल्या. पेट्रोल पंपवाला आधी घाबरला, मग त्यानंही केली. उत्तर आलं, विषय विचाराधीन आहे. पुन्हा अर्ज केला. पुन्हा विचाराधीन. नाना राजूला म्हणाले, "तू शहाणा मुलगा आहेस. त्या बाईच्या नादी लागू नकोस." राजू म्हणाला, "शहाणा असतो तर रात्री गेटवर कशाला बसलो असतो, सर?"

मग मी अर्ज करणं सोडलं. मला अर्जापेक्षा बट्टी जास्त येते.

बट्टीच्या टोळ्या एकमेकींना ओळखतात. लग्नसराईत एका गावाला दोन कार्यं आली की बाया उसन्या घ्याव्या लागतात. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. धुळ्यातल्या सगळ्या टोळ्यांच्या मुख्य बाया माझ्या ओळखीच्या. जळगावला माझी वहिनी टोळी चालवते. चोपड्याला मावसबहीण. अमळनेर, पारोळ्याला लीलाबाईचं माहेरचं गणगोत. पुढच्या पुण्यतिथीच्या आधी मी एकेकीला फोन केला. भाषण केलं नाही. काय झालं ते सांगितलं. ब्लाउजपीसपर्यंत आले की पलीकडून शिवी यायची. मग मी म्हणायची, "तथा कोनी जावानं नही." तिथे कुणी जायचं नाही.

वहिनी म्हणाली, "आणि जास्त पैसे दिले तर?"

"देतीलच. घ्यायचे नाहीत."

"किती वर्षं?"

"नियम बदलेपर्यंत."

"तुझ्या नवऱ्याला सोडून देशील एक वेळ, पण हे नाही सोडणार तू," ती म्हणाली आणि हसली. मग तिनं तिच्या बायांना सांगितलं.

धुळ्यात नानांना टोळी मिळाली नाही. जळगावच्या केटररला विचारलं, तो वहिनीकडे गेला, रिकाम्या हातानं परत आला. त्यानं त्याच्या कारागिरांकडून बट्टी करून घ्यायचा प्रयत्न केला म्हणे. तीन तासांनी आतून कच्ची आणि बाहेरून दगड असा माल निघाला. तो गुरांपुढे टाकला.

त्या दिवशी मी गेले नाही. राजू गेला. विद्यार्थीच होता, त्याला कोण अडवणार? मंडपातून त्यानं मला फोन लावून ठेवला.

"ताई, पुरी आहे," तो कुजबुजत होता. "पुरी, बटाट्याची भाजी, पुलाव. लोक पत्रावळीकडे बघून राहिले. एक म्हातारा उठून उभा राहिला."

आणि मग तो म्हातारा मी स्वतः ऐकला. मोठ्यानं बोलत होता, शेतात हाक मारावी तसा.

"हाई काय शे? बट्टी कोठे शे भो?"

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. ह्या वेळचं हसणं वाईट होतं. नाना माइकवर म्हणाले, गॅसची अडचण झाली. म्हातारा म्हणाला, "पुरी काय उन्हात तळी का?" राजूला हसू आवरेना, फोन हातातून पडला.

वसतिगृहाच्या ओट्यापाशी मी भांडी विसळत होते. मी सुद्धा हसले. पोटभर. पुष्कळ जण म्हणतात सूड घेऊन काही मिळत नाही. ज्यांनी घेतलेला नसतो ते म्हणतात. मला त्या दुपारी झोप चांगली लागली.

आठ दिवसांनी अक्कांचा निरोप आला. घरी ये.

गेले. व्हरांड्यात खुर्ची होती, त्यांनी सांगायच्या आधी मी बसले. चहा आला. कपबशी चांगली होती, पाहुण्यांची. अक्कांचा आवाज तसाच गोड.

"काय हवंय तुला, बाई?"

"तुम्हाला माहीत आहे."

"तुझी फी मी भरते. माझ्या स्वतःच्या पैशातून. निधीचा प्रश्नच नाही. शेवटचं वर्ष पूर्ण कर. पण हे बायांचं थांबव. दादांच्या नावाची शोभा होतेय गावात."

खोटं कशाला बोलू? क्षणभर माझे गुडघे बोलले. शेवटचं वर्ष. पदवी. ती साक्रीची मुलगी लग्न ठरवून चालली होती, जागा पुन्हा रिकामी होणार होती. साहेब अजून म्हणत होते, आणा पदवी. एक हो म्हणायचं होतं. चहा प्यायचा, हो म्हणायचं आणि घरी जायचं.

"राजूचं काय?" मी विचारलं.

"कोण राजू?"

"नरडाण्याचा वॉचमन. तुमच्या कॉलेजात शिकतो. नर्सबाईचं काय? अंगणवाडीच्या दोघींचं?"

"अगं, सगळ्यांचं करायला बसलं तर निधी कसा पुरायचा?"

"बुलेटवाल्याला पुरतो."

अक्कांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "तो पूर्णवेळ आहे," त्या म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता. त्यांनाही बुलेट दिसली होती. अख्ख्या कॉलेजला दिसते.

"मला एकटीला नको, अक्का. नियम बदला."

"माझ्या एकटीच्या हातात आहे का ते? समिती आहे. पाच जणांची. त्यातली माजी पदवीधरांची जागा तर कधीची रिकामी पडलीये. कुणी फिरकत नाही. अशी कामं चालवायची म्हणजे किती कटकट असते, तुला काय कळणार?"

त्या त्यांचं दुःख सांगत होत्या. मी चहाचा कप खाली ठेवला.

"ती जागा कशी भरतात?"

"कुठली?"

"पदवीधरांची."

"ह्या कॉलेजचा पदवीधर पाहिजे. बाकीच्या पदवीधरांनी निवडून द्यायचा. दोघे-चौघे आले तरी चालतं, सांगितलं ना, कुणी येतच नाही." मग त्या थांबल्या. माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटतं त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा बघितलं. "तू का विचारतेस?"

"सहज," मी म्हणाले आणि उठले.

"फीचं काय ठरलं मग?"

"तुमची फी तुमच्याकडे ठेवा."

ह्या जूनमध्ये मी शेवटच्या वर्षाला नाव घातलं. फी मी भरली. दोन लग्नसराया सुट्टी न घेता काम केलं, नवऱ्यानं रात्रीच्या फेऱ्या घेतल्या, मुलानं सुरतेहून थोडे पाठवले. गृहपालची जागा मिळेल की नाही सांगता येत नाही. मिळाली तर घेईन. माझा हिशेब आता तेवढ्यावर थांबत नाही.

मी पास होणार. राजू माझ्या एक वर्ष आधी झाला, अंगणवाडीच्या दोघी झाल्या, नर्सबाई झाली. हे सगळे त्या कॉलेजचे पदवीधर आहेत, अर्धवेळ वर्गाचे, आणि त्यांना मत आहे. त्यांना मी सांगून ठेवलंय, त्या दिवशी पाळी बदलून घ्या, रजा टाका, पण या. सगळे येणार आहेत. बुलेटवाला येणार नाही. त्याला काय पडलंय?

मग मी त्या समितीच्या खोलीत जाईन. रिकाम्या खुर्चीवर बसेन. पहिल्या बैठकीत पूर्णवेळचा नियम नानांना उभं राहून मोठ्यानं वाचायला लावीन आणि तो का आहे ते विचारीन. उत्तर मिळेपर्यंत पुढचा विषय घेऊ देणार नाही. त्यांनी विचाराधीन म्हटलं तर पुढच्या बैठकीला पुन्हा विचारीन. त्याच्या पुढच्यालाही. मला घाई नाही. आयुष्यभर मी उभ्यानं काम केलंय, बसून तर मी कितीही वेळ थांबू शकते.

नियम गेला तरी मी ती खुर्ची सोडणार नाही. अक्कांनी माझ्या शेजारी बसायचं की समिती सोडायची, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.